जळगावहून साक्रीला निघालेलं घर

माणसं घरातून निघताना मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्याच घरातून निघायचं म्हटलं तर आधी पिशव्या निघतात, मग बायको, मग मी, मग गॅस बंद आहे का ते बघायला मी परत आत. पण अख्खं घरच प्रवासाला निघालं आहे आणि चार माणसं खाली उभी राहून "सांभाळून जा" म्हणत हात हलवताहेत, हा देखावा मी या मे महिन्यात जळगावला पाहिला. सांगलीहून इतक्या लांब आल्याचं तिथंच सार्थक झालं.

माझी भाची मधुरा इंजिनिअर आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत तिची एक मोठी पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये ती लाकडी घरं बनवते. बनवते म्हणजे अगदी पावभाजीसारखी तयार करून गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन ठेवते. बांधावर वाढलेल्या झाडांच्या बारीक फळ्या भट्टीत वाळवायच्या, एक थर उभा, एक थर आडवा असे चिकटवत जायचे आणि मोठ्या दाबयंत्राखाली दाबायचे. चार बोटं जाडीची, सागवानाला लाजवील अशी भिंत तयार होते. मग त्या भिंतींची खोली, खोलीत वायरी, नळ, बेसिन, बटणं, अगदी आरसासुद्धा.

शेडमध्ये तयार उभं असलेलं घर पाहून मी लाकूड पोकळ आहे का बघावं म्हणून भिंतीवर दोनदा टकटक केलं.

"या ना, उघडंच आहे," आतून आवाज आला. वायरमन होता. मी चपला काढून आत गेलो आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे त्याच्याकडे पाणी मागितलं.

घर दोन पेट्यांचं होतं. एका पेटीत स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागचं दार, दुसरीत खोली आणि पुढचं दार. जागेवर दोन्ही एकमेकींना जोडायच्या की झालं घर. मी म्हटलं, "मधुरा, फार अरुंद केलंस गं."

"मी नाही केलं, मामा. रस्त्यानं केलं," ती म्हणाली. "यापेक्षा रुंद पेटी ट्रेलरवर चढवली तर दहा परवाने लागतात, आणि पुलावर अडकली तर अकरावा."

घर होतं सुपडाअक्कांचं. साक्रीच्या पलीकडे एका खेड्याबाहेर त्यांचं शेत आहे. जन्मभर अंगणवाडीत पोरं सांभाळून त्या निवृत्त झाल्या आणि शेतावर राहायचं म्हणू लागल्या. तिथं विटांचं घर बांधायचं तर वाळू आणायची कुठून आणि उन्हाळ्यात भिंतींवर पाणी मारायला पाणी कुठून? प्यायलाच टँकर येतो. मधुराच्या घराला जागेवर पाणी लागत नाही, म्हणून अक्कांनी ते पसंत केलं. त्यांचा मुलगा राजेंद्र सुरतेला असतो. आई एकटी रानात राहणार हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. शेवटी मायलेकांत करार झाला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत घर उभं राहिलं आणि ते राहण्यासारखं असलं, तर अक्का शेतावर. नाहीतर अक्का सुरतेला, चौथ्या मजल्यावर. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. अक्कांच्या दोन्ही लेकी पिशव्या भरून बसल्या होत्या. माहेर कोणत्या गावाला असणार, एवढंच ठरायचं होतं.

आणि आखाजीला चार दिवस उरले होते.

सकाळी सहाला आम्ही निघालो. मधुरा पुढं गाडीत, मागं दोन ट्रेलर. मी पहिल्या ट्रेलरच्या केबिनमध्ये धुडकूभाऊंच्या शेजारी बसलो. धुडकूभाऊंनी आयुष्यभर केळी वाहिली होती. ते आरशात बघून दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "केळी बरी. केळीले खिडक्या नसतस." (केळ्यांना खिडक्या नसतात.)

एरंडोलच्या अलीकडे एका हवालदारानं हात केला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग घर कोणाचं?"

"साक्रीच्या अक्कांचं."

"अक्का कुठं आहेत?"

"साक्रीला."

"म्हणजे अक्का तिकडं आणि घर इकडं." त्यानं हे वाक्य स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. कागद बघितले, ते बरोबर निघाले, त्यामुळे तो जरा नाराज झाला. मग म्हणाला, "आतून बघायचंय." शिडी लावली. माणूस दारापाशी थांबला, बूट काढून ट्रेलरवर नीट जोडीनं ठेवले आणि उजवं पाऊल टाकून आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तो चिंतेत.

"न्हाणी नैऋत्येला आलीय हो."

"साहेब," मी म्हटलं, "घर चाललंय. पारोळ्याच्या वळणावर ती वायव्येला जाईल."

हवालदारानं लांबवर वळणाकडे पाहिलं, त्याचं समाधान झालं आणि त्यानं आम्हाला सोडलं.

पारोळं मागं टाकलं आणि एका खेड्यापाशी आमचं चाक बसलं. मधुराची गाडी पुढं निघून गेली होती. धुडकूभाऊ चाकाखाली गेले. मी कडुनिंबाखाली उभा राहिलो. दहा मिनिटांत निम्मं गाव गोळा झालं.

"भाऊ, हाई काय शे?" (हे काय आहे?) एका आजींनी विचारलं.

"घर आहे. साक्रीला चाललंय."

"आनि आत कोनी नही?" आजींनी पदर तोंडाला लावला. "माय वं! रिकामं घर कसाले लई जातस?" (रिकामं घर कशाला नेता?)

मी खोडकरपणानं म्हटलं, "आजी, जळगावची लेक आहे, साक्रीला सासरी चाललीय." मला वाटलं, हसतील आणि जातील. तिथंच माझं चुकलं. खानदेशातल्या बाया लेकीला रिकाम्या हातानं सासरी धाडत नाहीत. आजी हसल्या नाहीतच. त्यांनी मागं वळून हाक मारली आणि चाक बदलून होईपर्यंत घराची ओटी भरली गेली. उंबऱ्याला हळदकुंकू, आत खण, नारळ. मग एकीनं गहू आणले, एकीनं तुरीची डाळ. एका बागायतदारानं केळीचा अख्खा घड आत ठेवला, त्याच्या शेजाऱ्यानं ईर्ष्येनं दोन ठेवले. मग चौघांनी मिळून एक दगडी जातं आणलं. जात्याशिवाय संसार कसा सुरू व्हायचा? मी "नको नको" म्हणत होतो, पण मला मनातून इतका आनंद होत होता की माझं 'नको' कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी आजींनी ट्रेलरच्या बाजूवर थाप मारून सांगितलं, "सुखमा राह्य, माय." (सुखात राहा, बाई.) धुडकूभाऊंनी डोळे पुसले. केळीच्या ट्रिपांमध्ये असलं काही होत नसावं.

मधुराला यातलं मी काहीच सांगितलं नाही. धुळ्याला जेवताना समोर शेवभाजी आली, लालभडक तर्रीची, आणि माझं तोंड आपोआप बंद झालं. दुपारी धुळ्यातच मुक्काम टाकला, कारण साक्रीकडची क्रेन दुसऱ्या दिवशीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेर मागं टाकून आम्ही साक्रीला आणि तिथून शेतावर पोचलो. वाटेत दोन ठिकाणी विजेच्या तारा बांबूनं उचलून धराव्या लागल्या आणि एका बाभळीनं मधुराच्या सुंदर कोपऱ्याला ओरबाडलं. शेतात मुरमाच्या उंचवट्यावर घराचा पाया तयार होता. पायाशेजारी गवंडी हिलाल नाना टोपी सारखी करत उभे होते. सुपडाअक्का नऊवारी सावरत एकदा पायाकडे आणि एकदा ट्रेलरकडे बघत होत्या. त्यांच्या पलीकडे राजेंद्र. चांगला आडव्या अंगाचा माणूस, हातात गाडीची किल्ली. त्याच्या गाडीच्या डिकीतून अक्कांची हिरवी पत्र्याची पेटी डोकावत होती. कपडे, देवघर, सगळं भरून त्यानं सुरतेची तयारी आधीच करून ठेवली होती.

क्रेननं पहिली पेटी उचलायला घेतली आणि भोंगा वाजला. वजन जास्त झालं की क्रेन ओरडते.

"शक्य नाही," मधुरा म्हणाली. "वजन मी स्वतः केलंय."

क्रेन पुन्हा ओरडली. मी आकाशातल्या घारी पाहू लागलो.

"मामा?"

मी कबुली दिली. शिडी लावली, दार उघडलं आणि घरातून गहू, डाळ, केळी आणि चौघांच्या खांद्यावरून जातं बाहेर आलं. मधुरा ते सगळं पाहत राहिली. तिच्या हिशेबाच्या वहीत 'ओटी' असा रकाना नव्हता. अक्कांनी मात्र जात्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोणत्या गावानं दिलं?" मला गावाचं नावही सांगता येईना. याची मला अजून लाज वाटते.

भोंगा थांबला, पहिली पेटी हवेत तरंगत गेली आणि पायातून वर आलेल्या बोल्टांवर अशी बसली जशी डब्यावर झाकणी. टाळ्या पडल्या. दुसरी पेटी गेली, तीही तिच्या बोल्टांवर झकास बसली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. दोन्ही पेट्या आपापल्या जागी होत्या, पण त्यांच्या मध्ये हातभर फट होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बरोबर एक हात. त्या फटीतून पलीकडचं नांगरलेलं रान आणि एक म्हैस दिसत होती.

"आई," राजेंद्र म्हणाला, "घर सांगितलं होतंस. ही दोन आहेत."

मधुरानं पट्टी लावली. पाया नकाशापेक्षा एक हात लांब होता. नानांनी पहिल्या पेटीचे बोल्ट एका टोकापासून मोजले होते, दुसरीचे दुसऱ्या टोकापासून, आणि वाढीव हात मधोमध सांडला होता.

"नाना, फोनवर विचारलं तेव्हा 'बरोबर शे' म्हणालात ना?"

"बरोबर शेच," नाना म्हणाले. "वरतीन एक हात जास्त दिधा." (वरून एक हात जास्त दिला.)

"का पण?"

"अक्का चांगली बाई शे, म्हणीसन." (अक्का चांगली बाई आहे, म्हणून.) "मना बठ्ठा पोरे तिना हातखाल शिकनात." (माझी सगळी पोरं तिच्या हाताखाली शिकली.) मग त्यांचा आवाज बारीक झाला. "ताई, चाळीस वरीस व्हयनात. कमी माप मी कोणालेच दिधं नही."

मधुरानं पट्टी गुंडाळून ठेवली. तिच्या शेडमध्ये केसाएवढी चूक झाली तर मशीन थांबतं. आणि इथं एक माणूस मायेपोटी हातभर चुकला होता, आणि त्याला तिच्यासमोर उभं राहून रडू येत होतं. या असल्या घरांची खरी अडचण मला तेव्हा कळली. घर एका गावात तयार होतं, पाया दुसऱ्या गावात, आणि दोघांची पहिली भेट होते ती क्रेनखाली, सगळ्यांच्या देखत.

मधली जागा भरायला शेडमधून नवा तुकडा आणायचा तर आठ दिवस लागणार होते. क्रेनवाला घड्याळ दाखवत होता, त्याला संध्याकाळी शिंदखेड्याला पोचायचं होतं. राजेंद्र सावलीत गाडी घेऊन तयार होता.

मधुरा फटीसमोर पाच मिनिटं मांडी घालून बसली आणि उठून म्हणाली, "दुसरी पेटी उचला. पहिलीला भिडवा. तिचे जुने बोल्ट कापून टाकू, पायात नवी भोकं पाडू आणि नवे बोल्ट रसायनानं चिकटवू."

"चिकटाडी देशात?" (चिकटवून देणार?) नानांचा चेहरा उजळला. आदल्या आठवड्यात त्यांनी या घराची 'डिंकनं घर' म्हणून गावभर टिंगल केली होती. "आते पाया बी डिंकवर?"

"पाया बी डिंकवर," मधुरा म्हणाली. "आणि भोकं तुम्ही पाडायची, नाना. मी खूण करून देते, पण हात तुमचा पाहिजे."

जनरेटर आला. जुने बोल्ट कापले, क्रेननं दुसरी पेटी पहिलीला भिडवली आणि ती शिंदखेड्याला गेली. नाना गुडघ्यांवर बसून ड्रिल चालवत होते आणि प्रत्येक भोक झालं की मधुरा त्यात वाकून बघायची, दोघं एकदम मान हलवायची. भोकात नळीतून ते रसायन सोडलं, बोल्ट खोवले आणि नानांनी सगळ्यांना लांब उभं केलं, जणू आत बाळ झोपलं आहे. संध्याकाळपर्यंत बोल्ट असे धरले की नानांनी हातोडा मारून बघितला आणि हातोडाच उडाला. "लई बेकार डिंक शे," ते आदरानं म्हणाले.

उभं तर राहिलं. पण कराराचा दुसरा भाग होता राहण्यासारखं असण्याचा, आणि तो राजेंद्र विसरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पारा चाळिशीच्या बराच वर होता. वीज अजून जोडलेली नव्हती, पंखा नुसता लोंबत होता. राजेंद्रनं जाहीर केलं, "लाकडाची पेटी आहे ही. दुपारी भट्टी होणार. मी दोन ते तीन आत बसतो, दार लावून. बनियन घामानं भिजलं, तर आई आत्ताच माझ्याबरोबर निघेल."

"अन् कोरडं राह्यनं तर?" नानांनी विचारलं.

"तर राहू दे तिला."

"बनियन कोन तपासी?"

थोडी चर्चा होऊन तपासनीस म्हणून नानांचीच निवड झाली. राजेंद्रनं शर्ट काढून खुंटीला लावला, कोरडं बनियन चारचौघांना चाचपायला दिलं आणि आत जाऊन दार लावलं. अक्का बाहेर बसल्या. त्यांच्या हातात काही काम नव्हतं, म्हणून त्या उगाच पदराची गाठ सोडत आणि बांधत होत्या.

आता बसल्या म्हणजे कुठं, ते सांगितलं पाहिजे. दुसरी पेटी पुढं सरकल्यामुळे नानांचा तो एक हात पूर्वेला, दारासमोर, शिल्लक उरला होता. बसायला नेमका तेवढाच लागतो. दुपारनंतर घराची सावलीही तिकडंच पडते. मधुराच्या नकाशात सगळं होतं, फक्त कुणी आलं-गेलं तर टेकायला ओटा नव्हता. त्या ओट्यावर अक्का, नाना आणि गावातले चारजण गुडघ्याला गुडघा लावून बसले. बाकीचं गाव शेतातल्या निंबाखाली.

तीन वाजले. दार उघडलं नाही. सव्वातीनला नानांनी कान लावला. मग बारीक फट ठेवलेल्या खिडकीतून सगळ्यांनाच ऐकू आलं. राजेंद्र घोरत होता. साधंसुधं नाही. घाटात गिअर बदलत चढणाऱ्या ट्रकसारखं.

"झोपेल शे," (झोपलाय) नाना म्हणाले.

"श्श!" अक्का म्हणाल्या. "हळू बोला."

आणि मग मी असं दृश्य पाहिलं जे खानदेशात पूर्वी कुणी पाहिलं नसेल. तीस-चाळीस माणसं कुजबुजत होती. या माणसांचा साधा 'या, बसा' दोन शेतं ओलांडून जातो. पण त्या दिवशी कपाशीचा भाव, पावसाचा अंदाज, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं कानाला तोंड लावून चाललं होतं. चहा आला, तोही फुंकर न मारता प्यायला गेला. एक म्हातारा मोटारसायकलवरून येऊन मोठ्यानं "काय व्हयनं?" म्हणाला, तर पंधराजणांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडी ढकलत परत गेला. दर थोड्या वेळानं निंबाखालून खुणेनं विचारणा व्हायची, "उठना का?" आणि ओट्यावरून माना हलायच्या, नाही. एकदा घोरणं थांबलं, सगळे ताठ झाले. त्यानं नुसती कूस बदलली होती. घोरणं पुन्हा सुरू झालं आणि अक्कांनी त्या दोन तासांत पहिल्यांदा पदराची गाठ हातातून सोडली.

पाचला दार उघडलं. राजेंद्रच्या गालावर फरशीची नक्षी उमटली होती. समोर अख्खं गाव श्वास धरून बसलेलं पाहून तो दचकला. नाना पुढं झाले, त्यांनी त्याच्या पाठीवरून, पोटावरून, काखेखालून विधीपूर्वक हात फिरवला आणि वळून जाहीर केलं, "कोरडं शे!"

दोन तास दाबून धरलेले चाळीस आवाज एकदम सुटले. निंबावरचे कावळे उडाले.

"आज वारा होता," राजेंद्र म्हणाला.

झाडाचं एक पानही हललेलं नव्हतं, पण कुणी त्याला ते सांगितलं नाही. अक्कांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो ओट्यावर दाटीनं बसलेल्या माणसांकडे बघत सावकाश प्याला.

"हे रोज येणार आहेत का बसायला?" त्यानं आईला विचारलं.

"मी हाकलले तरी येतील," अक्का म्हणाल्या.

राजेंद्रनं तांब्या खाली ठेवला, गाडीकडे गेला आणि डिकीतली हिरवी पेटी स्वतः खांद्यावर घेऊन घरात आला. दारात डोक्याला लागलं. "मधुराताई, दार बुटकं झालंय," तो म्हणाला. ती तक्रार ऐकून मधुरा इतकी खूष झाली की तिनं ती वहीत लिहून घेतली.

आखाजीला अक्कांच्या लेकी आल्या. खापरावरचे मांडे आणि आमरस इतका झाला की माझं वजन क्रेनला झेपलं नसतं. दुसऱ्या दिवशी राजेंद्र सुरतेची वाट सोडून मुद्दाम उलट्या दिशेनं मला धुळ्याला सोडायला आला. मी सांगलीला परतणार होतो, सहाव्या मजल्यावरच्या माझ्या घरी. गेली पंधरा वर्षं मी तिथं राहतो आणि ते कुणी, कुठं, कशाचं बांधलं, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. अक्कांच्या घराचं मात्र मी सगळं सांगू शकतो. भिंती जळगावच्या शेडमधल्या, मोजूनमापून केलेल्या. उंबऱ्यावरचं कुंकू एका अनोळखी आजीच्या बोटाचं. आणि बसायची जागा हिलाल नानांच्या मापाची, जी कुठल्याच नकाशात नाही.

धुळ्याच्या बसस्टँडवर उतरलो, बॅग घेतली. राजेंद्रनं काच खाली केली आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "मामा, खरं सांगा. त्या दिवशी मी घोरत होतो का?"

"छे," मी म्हटलं. "लाकूड फार उत्तम आहे. बाहेर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."